मॉडेल विमानावर पिटो ट्यूब कुठे आणि कशी बसवायची

पिटो ट्यूब म्हणजे टोकाचं भोक आणि बाजूची छिद्रं यांच्या दाबांतल्या फरकावरून विमानाचा हवेतला वेग मोजणारी नळी. ती बसवताना सगळ्यांचं लक्ष टोकाच्या भोकाकडे असतं. ते बिचारं फारसा त्रास देत नाही. ट्यूब पाच-सात अंश तिरकी बसली तरी चालवून घेतं. घोळ होतो तो बाजूच्या बारीक छिद्रांत. त्यांना आजूबाजूच्या हवेचा मूळ दाब हवा असतो. पंखाच्या पुढच्या कडेलगत हवा मंदावते आणि दाब वाढतो. छिद्रं तिथे आली की वेग कमी दिसतो आणि ऑटोपायलट उगाच थ्रॉटल वाढवत राहतो.

म्हणून दीड मीटर पंखाच्या फोमच्या विमानात ही छिद्रं कडेच्या निदान ४-५ सेंमी पुढे ठेवा. पंख जाड असेल तर आणखी पुढे. नाकावर प्रॉप (फिरणारा पंखा) असेल तर त्याच्या झोतापासून लांब राहा. १० इंची प्रॉपची त्रिज्या १२.७ सेंमी, तेव्हा मध्यरेषेपासून २५-३० सेंमी बाहेर. झोतात सापडली तर वेग जास्त दिसतो, ऑटोपायलट थ्रॉटल कापतो आणि विमान स्टॉल होतं, म्हणजे वेग कमी पडून पंखांची उचल जाते. पंखाच्या पार टोकालाही नको: वळताना तिथला वेग बदलतो, शिवाय उतरताना गवतात आधी टोकच अडकतं. प्रॉप मागे असेल तर सरळ नाकावर लावा.

फोममध्ये ट्यूबपेक्षा किंचित लहान भोक पाडा आणि हॉट ग्लूचे दोनच ठिपके द्या. एपॉक्सीने पक्की केलेली ट्यूब आपटल्यावर फोमचा लचका घेऊन निघते. ट्यूबमधले दोन्ही दाब सेन्सरकडे, म्हणजे ते मोजणाऱ्या भागाकडे, दोन सिलिकॉन नळ्यांतून जातात; पंखाखाली कटरने खाच पाडून त्या आत बसवा. वळण गोलसर हवं, मुरड पडली की दाब पुढे जात नाही. एका नळीवर मार्करने खूण करा. उलट्या जोडल्या तर वाचन ऋण येतं. क्रॉफर्ड मार्केटला मिळणारी मत्स्यालयाची नळी स्वस्त असते, पण सेन्सरवर सैल बसते.

सेन्सर ऑटोपायलटजवळ ठेवा. हवेची नळी मीटरभर असली तरी चालते. सेन्सरचं वाचन ऑटोपायलटकडे नेणारी आय-टू-सीची वायर लांबवली की मात्र वाचन तुटायला लागतं.

गळती तपासायला ट्यूबच्या टोकावर नळीचा तुकडा चढवा, दुसरं टोक चिमटीत धरून हळूच गुंडाळा. वाचन चढून तिथेच थांबलं पाहिजे. तोंडाने फुंकू नका, ओलावा आत जातो. १५ मीटर प्रति सेकंदाला मिळणारा दाब असतो जेमतेम १४० पास्कल, म्हणजे १४ मिमी पाण्याइतका. जुलैतल्या मुंबईच्या दमट हवेत नळीत अडकलेला एक थेंबही मग पुरे होतो. ट्यूबचं तोंड किंचित खाली ठेवा. माळ्यावर ठेवताना टोपी घाला, नाहीतर कुंभारमाशी भोक चिखलाने बुजवते.

उडवण्याआधी बॅटरी लावून काही मिनिटं सेन्सर सावलीत गरम होऊ द्या. मग ट्यूबवर कापडाची सैल टोपी घालून वाचन शून्य करा. खाडीकडचा वारा चालू असताना उघड्या ट्यूबवर केलेलं शून्य खोटं असतं. जमिनीवर २-३ मीटर प्रति सेकंद दिसलं तर बिघडलं नाही, कारण वेग दाबाच्या वर्गमुळातून काढतात आणि चार-सहा पास्कलचा गोंगाटही तेवढा दिसतो.

आर्डूपायलट या ऑटोपायलट सॉफ्टवेअरमध्ये पहिल्या उड्डाणात सेन्सरचा वापर बंद, ऑटोकॅल (आपोआप कॅलिब्रेशन) चालू ठेवून पाचेक मिनिटं गोल घिरट्या घाला. रेशो (दाबावरून वेग काढायचा गुणक) २च्या आसपास स्थिरावला तर वापर चालू करा. फारच लांब गेला तर आकड्याशी खेळू नका, आधी गळती शोधा, मग ट्यूब आणखी पुढे सरकवा.