कॉलेज बास्केटबॉल लीग भरवताना: गट, वेळा आणि बरोबरीचा घोळ

पुण्यातल्या कॉलेजसाठी राष्ट्रीय पातळीची वाट ठरलेली आहे: आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा, त्यातून विद्यापीठाचा संघ, मग पश्चिम विभाग आणि तिथले पहिले चार संघ अखिल भारतीय आंतरविद्यापीठ स्पर्धेला. पण बाद पद्धतीत एक सामना हरला की बॅग भरायची. मुलांना खेळायला मिळावं असं वाटत असेल तर आधी गटवार साखळी घ्या.

सोळा संघ, चार गट. प्रत्येक गटात चार संघ, ६ सामने, म्हणजे साखळीचे २४ सामने. गटातले पहिले दोन संघ पुढे जातात. पुढे उपांत्यपूर्व ४, उपांत्य २, तिसऱ्या क्रमांकाचा आणि अंतिम, असे एकूण ३२. घड्याळात खेळ ४० मिनिटांचाच, पण घड्याळ थांबतं, मध्ये विश्रांती असते. सामन्याला पावणेदोन तास धरा. एकाच उघड्या कोर्टवर सकाळी दोन, संध्याकाळी दिव्यांखाली तीन. साखळीला पाच दिवस, बाद फेरीला तीन. जून ते सप्टेंबर उघडं कोर्ट विसरा. ओल्या सिमेंटवर घोटे जातात. परीक्षांचं वेळापत्रक हातात आल्याशिवाय तारखा जाहीर करू नका.

प्रवेशिकेसोबत बोनाफाईड, आयकार्ड आणि दहावीचं प्रमाणपत्र घ्या. हे पहिल्या सामन्याआधीच तपासा. नंतर निघालेली हरकत अख्ख्या गटाचे गुण बदलते.

विजयाला २ गुण, पराभवाला १, न आलेल्या संघाला ० आणि निकाल २०-०. गटात दोघांचे गुण सारखे झाले तर सोपं, आपसातला सामना बघायचा. खरा घोळ तिघांत होतो. समजा अ ने ब ला ६ नी, ब ने क ला ४ नी आणि क ने अ ला ३ नी हरवलं. फक्त या तीन सामन्यांचा फरक मोजायचा: अ +३, क -१, ब -२. पुढे अ आणि क जातात. ब ने गटातल्या चौथ्या ड ला ४० नी धुतलं असलं तरी ते इथे मोजत नाहीत. आयोजक नेमके तेच मोजतात आणि भांडण पेटतं. हा नियम नियमपत्रिकेत उदाहरणासकट छापा.

स्कोअर टेबलवर चौघं लागतात: स्कोअरर, त्याचा मदतनीस, टायमर आणि शॉट क्लॉकवाला, म्हणजे बास्केटकडे चेंडू टाकायला संघाला मिळणारे २४ सेकंद मोजणारा. शेवटच्याला आधी सराव द्या. चेंडू नुसता बोर्डला लागला तर क्लॉक तसंच चालू राहतं. रिंगला लागून हल्ला करणाऱ्यांकडेच परत आला तर क्लॉक १४ सेकंदांवर लावायचं, समोरच्यांनी पकडला तर २४ वर.