डाएटिशियनकडे पहिल्यांदा जाताय? मग वही खरी न्या

मार्चमध्ये ऑफिसच्या चेकअपमध्ये माझं एचबीएवनसी, म्हणजे रक्तातल्या साखरेची टेस्ट, ६.१ आलं. ५.७ पासून प्रीडायबेटिस, ६.५ ला डायबेटिस, मी मध्येच लटकलेली. डॉक्टर म्हणाले गोळी लगेच नको, आधी खाणं बघा. आणि काउंटरवर एक झेरॉक्स हातात दिली, साखर बंद, भात बंद, बटाटा बंद, आंबा बंद. याला डाएट म्हणतात का हो? कागद इतका पुसट की बटाटा होता का पपई तेही नीट कळेना.

मग शॉर्टकट. ओळखीतली एक "वेलनेस कोच", सकाळ-संध्याकाळ शेक, दोन महिन्यात नऊ हजार गेले आणि केस गळले ते वेगळंच. जो तुम्हाला सल्ला पण देतो आणि शेकचा डबा पण विकतो त्याच्याकडून उठून या, माझं ठाम मत आहे, पटत नसेल तर नऊ हजार घालवून बघा. आपल्याकडे न्यूट्रिशनिस्टची पाटी कोणीही लावतं. आरडी म्हणजे रजिस्टर्ड डाएटिशियन वेगळे, त्यांचं या विषयातलं पदव्युत्तर शिक्षण, हॉस्पिटलमध्ये इंटर्नशिप आणि वर इंडियन डाएटेटिक असोसिएशनची परीक्षा झालेली असते. फोनवरच सरळ विचारायचं, "मॅडम आरडी आहात का, नंबर काय?" खऱ्या असतील त्यांना राग येत नाही.

आता माझी माती कुठे झाली ते. शेवटी अशा एक आरडी मॅडम गाठल्या, त्यांनी पहिल्या भेटीआधी तीन दिवसांचं खाणं लिहून आणायला सांगितलं, त्यातला एक दिवस सुट्टीचा. मी काय केलं, शाळेत इन्स्पेक्शनला वर्ग सजवायचे तशी वही सजवली. सकाळी पोहे एक वाटी, दुपारी दोन पोळ्या भाजी वरण कोशिंबीर, रात्री एक भाकरी. खोटं असं काहीच नव्हतं, हाच तर घोळ आहे! जे लिहिलं ते खाल्लंच होतं. पण पोरानं ताटात टाकलेली अर्धी पोळी, टाकवत नाही म्हणून संपवलेला कालचा भात, आमटीची चव बघताना गेलेले चार चमचे, चारच्या चहाबरोबर ड्रॉवरमधलं फरसाण, कोणाच्या तरी बढतीचा पेढा, यातलं वहीत काहीच नाही. चहा लिहिला, "दोन कप". प्रत्यक्षात पाच, प्रत्येकात दोन चमचे साखर. दहा चमचे म्हणजे जवळपास ५० ग्रॅम, २०० कॅलरी, आणि मी घरी भाताकडे बघून सुस्कारे टाकत होते.

त्या बाईंनी वहीवर विश्वास ठेवून प्लॅन बनवला. त्यांच्या हिशोबानं मी आधीच कमी खात होते, मग रात्रीची भाकरीच थोडी कमी केली. मला सहा वाजताच भूक लागायची, की फरसाण अजून जास्त. तीन महिन्यांनी, कारण या टेस्टमध्ये साधारण तेवढ्याच दिवसांची सरासरी दिसते, आकडा ६.२. मी मनात मॅडमना शिव्या घातल्या, खोटं कशाला बोलू.

त्यांनी रिपोर्ट बघितला, वही बाजूला ठेवली आणि विचारलं, "ताई, महिन्याला तेल किती लागतं?" मी बेसावध, पटकन म्हणाले, पाच लिटरचा डबा, चार माणसं. त्यांनी कॅल्क्युलेटर काढला. साडेचार किलो तेल भागिले चार भागिले तीस, म्हणजे माणशी रोज ३७-३८ ग्रॅम, एका ग्रॅमला ९ कॅलरी, झाल्या की सव्वातीनशेच्या वर. आणि वहीत कुठे तळण नाही! माझे कान गरम झाले. मग सगळं ओकले, फरसाणापासून पेढ्यापर्यंत.

ओरडल्या नाहीत हो. "सगळेच असं लिहितात, आता परत लिहा" एवढंच. त्यामुळे घाबरू नका, पण फसवू पण नका, तुम्ही लपवलं की त्या तुमच्यासाठी नाही तर वहीतल्या बाईसाठी प्लॅन करतात आणि ती बाई अस्तित्वातच नसते. तोंडात टाकलं की लगेच लिहा, रात्री आठवून लिहिलं की आपण आपोआप सज्जन होतो. जमत नसेल तर मोबाईलवर फोटो काढा. अॅपवर माझा विश्वास नाही, त्याला आपलं थालीपीठ कळत नाही, त्यावरचं लोणी तर नाहीच.

आणि वाटी! घरातली वाटी पर्समध्ये टाकून न्या, लाजू नका. माझी पाणी ओतून मोजली तर अडीचशे मिलीची निघाली, त्या दीडशेची धरत होत्या. म्हणजे माझी एक वाटी पोहे खरं तर जवळपास पावणेदोन वाट्या.

बाकी गोष्टी पटकन. सगळे रिपोर्ट आणि गोळ्यांची नावं न्या, मी थायरॉईडची गोळी चहाबरोबर घ्यायचे, ते चुकतंय हे तिथेच सापडलं. गोळीचा डोस त्या बदलत नाहीत, तो डॉक्टरांचा विषय. उपास करता तर सांगा, माझी संकष्टी आणि गुरुवार कोणी सोडायला लावले नाहीत, फक्त ताटभर साबुदाण्याऐवजी वरीचा भात, दाण्याची आमटी, दही. सासूबाईंना पण तेच आवडायला लागलंय, कबूल करत नाहीत. सहा महिन्यांचं पॅकेज पहिल्याच दिवशी घेऊ नका, दोन भेटींचे पैसे द्या, प्रश्न कोण जास्त विचारतंय ते बघा. दहा मिनिटांत चार्ट हातात देणारी व्यक्ती मला तरी चालत नाही.

नवीन वहीनंतर तीन महिन्यांनी ५.९ आलं. भाकरी परत मिळाली, साखर कपाला अर्ध्या चमच्यावर आली, तेलाचा डबा आता चाळीस-बेचाळीस दिवस जातो. दिवाळीचा महिना धरू नका, त्याचं मी मॅडमना आधीच सांगून ठेवलंय.