गाडीत फॉग लॅम्प, डॅशकॅम जोडताय? या चुका टाळा

घरातला 60 वॉटचा बल्ब पाव ॲम्पिअर खातो. गाडीतला 60 वॉटचाच बल्ब पाच ॲम्पिअर. वॉटला भागायचं ते व्होल्टने, आणि गाडीत ते 230 नसून 12 असतात. घरच्या अंदाजाने गाडीत वायर टाकली की घोळ तिथेच सुरू होतो.

मीही तेच केलं. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून 55 वॉटचे दोन फॉग लॅम्प आणले आणि घरात उरलेली अर्ध्या एमएमची वायर जोडून मोकळा झालो. दिवे लागले, पण पिवळट, मरतुकडे. बल्ब बदलले, तरी तेच. वायरला हात लावला तर चांगलीच कोमट! मग कागद घेतला. 110 भागिले 12, म्हणजे 9.2 ॲम्पिअर. अर्ध्या स्क्वेअर एमएमच्या तांब्याच्या तारेला मीटरमागे साधारण 0.035 ओहम, बॅटरी, डॅशबोर्डवरचा स्विच आणि परत दिवे, असे चार मीटर धरले तर 0.14 ओहम. गुणाकार केला, सव्वा व्होल्टच्या पुढे वाटेतच गडप. हॅलोजनचं व्होल्टेज दहा टक्के उतरलं की उजेड जवळजवळ तीस टक्के उतरतो, त्यामुळे बल्बचा बिचाऱ्याचा दोष नव्हता.

अडीच स्क्वेअरची वायर टाकली आणि मध्ये रिले घेतला, म्हणजे डॅशबोर्डवरच्या स्विचच्या थोड्याशा करंटवर दिव्यांचा मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच. त्याच्या पिनांवर नंबर असतात: 30 नंबरला फ्यूजमधून बॅटरी, 87 ला दिवे, 86 ला स्विच, 85 ला अर्थ, म्हणजे बॅटरीच्या निगेटिव्हला जोडलेली गाडीची बॉडी. आता जाड वायर डॅशबोर्डपर्यंत जातच नाही.

फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरातच हवा. तो वायरला वाचवतो, दिव्याला नाही. 9.2 ची सव्वापट साडेअकरा, म्हणून 15 चा निळा. तो उडतोय म्हणून 30 चा हिरवा ठोकणारे कारागीर मी पाहिलेत. अशांच्या हाती चावी देऊ नका.

दिवा पावसाळ्यातच मंद होत असेल तर आधी अर्थ तपासा. दिवे चालू ठेवून मल्टिमीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरी दिव्याच्या काळ्या वायरला. पाव व्होल्टच्या वर दिसलं तर बोल्टखालचा रंग खरवडा, हिरवी पडलेली तार कापून नवा लग (तारेच्या टोकाची धातूची कडी) दाबा, वरून ग्रीस. नुसती टेप गुंडाळली तर आत पाणी साचतंच.

सिगारेट लायटरच्या सॉकेटवर 150 वॉटचा इन्व्हर्टर म्हणजे साडेबारा ॲम्पिअर, वर त्याची स्वतःची गळती. सॉकेटचा फ्यूज 10 चा असेल तर विचारूच नका.

आणि डॅशकॅम, म्हणजे समोरच्या काचेमागचा कॅमेरा. आठवडाभर लोकलने जाऊन गाडी रविवारीच काढणाऱ्यांना हा हमखास नडतो. पार्किंग मोडमध्ये, म्हणजे गाडी बंद असतानाही कॅमेरा चालू ठेवला तर, 0.3 ॲम्पिअर म्हणजे दिवसाला 7.2 ॲम्पिअर-तास. बॅटरी 35 ॲम्पिअर-तासांची असेल तर कागदावर पाच दिवसही पुरत नाही. जुनी असेल तर गुरुवारीच स्टार्टर नुसता टकटक करतो. बॅटरी उतरली की कॅमेरा आपोआप बंद करणारं, लो-व्होल्टेज कट-ऑफवालं हार्डवायर किट (कॅमेरा गाडीच्या वायरिंगला थेट जोडायचा संच) घ्या, आणि कट-ऑफ 12 व्होल्टच्या खाली ठेवू नका.