डिग्री अटेस्ट करायचीय? आधी देश कोणता ते बघा

दुबईत जॉब लागला, तिकडच्या एचआरचा मेल आला की डिग्री अटेस्ट करून पाठवा, की घरात पहिला सल्ला मिळतो "नोटरी करून टाक". नोटरीने हे काम होत नाही हो.

आधी देश बघा. भारत 2005 पासून हेग करारात (एकमेकांचे सरकारी कागद मान्य करण्याचा देशांमधला करार) आहे, म्हणून त्या करारातल्या बहुतेक देशांसाठी अपोस्टिल पुरतं, म्हणजे डिग्रीच्या मागे चिकटवतात तो नंबरवाला स्टिकर. ओमान करारात आहे, सौदी 2022 मध्ये आलं. पण यूएई, कतार, कुवेत नाहीत, तिथे आपल्या परराष्ट्र मंत्रालयाचं साधं अटेस्टेशन, मग त्या देशाच्या एम्बसीचा शिक्का, आणि यूएईला तर तिकडच्या मंत्रालयाचाही.

पण त्याआधी राज्याच्या शिक्षण खात्याच्या शिक्क्याचा टप्पा असतो, ज्याला एजंट लोक एचआरडी म्हणतात, आणि खरा वेळ इथेच जातो कारण युनिव्हर्सिटीकडून आधी व्हेरिफिकेशन यावं लागतं. डिग्री ज्या राज्याची, एचआरडी त्याच राज्याचं. म्हणजे राहता पुण्यात पण इंजिनिअरिंग बेळगावात केलं असेल तर कर्नाटकातूनच करावं लागेल, मुंबईत खेटे घालून उपयोग नाही. एजंट लवकर होतं म्हणून एसडीएमचा (उपविभागीय दंडाधिकाऱ्याच्या शिक्क्याचा) रस्ता सुचवेल, पैसे देण्याआधी कंपनीला विचारा, नोकरीच्या व्हिसाला बऱ्याचदा एचआरडीच मागतात.

परराष्ट्र मंत्रालय 2012 पासून थेट आपल्या हातून कागद घेत नाही, त्यांनी नेमलेल्या एजन्सीकडे द्यायचे, यादी मंत्रालयाच्या साइटवर आहे. 2019 पासून दिल्लीलाच पाठवायची गरज नाही, मुंबईतही होतं. अपोस्टिलची सरकारी फी एका कागदाला फक्त 50 रुपये, वर एजन्सीचा चार्ज. त्यामुळे कोणी हजारो सांगितले तर कुठल्या टप्प्याचे किती ते लिहून मागा.

नाव पण तपासा, आपल्याकडे मार्कशीटवर आडनाव आधी आणि शेवटी आईचं नाव, पासपोर्टवर वेगळीच मांडणी. आणि लॅमिनेशन नको! माझी मार्कशीट बाबांनी प्रेमाने लॅमिनेट करून ठेवली होती, त्यावर शिक्का बसेना, शेवटी बोर्डातून डुप्लिकेट काढली.

यूके-अमेरिकेत नुसतं शिकायला जाताय तर बहुतेक वेळा यातलं काही लागत नाही, ट्रान्स्क्रिप्ट (सगळ्या वर्षांच्या मार्कांचा युनिव्हर्सिटीने दिलेला एकत्र कागद) लागतात. कॉलेजला विचारा आणि मगच खर्चात पडा.

ओरिजिनल हातातून सोडण्याआधी दोन्ही बाजू स्कॅन करा, आणि अपोस्टिल परत आलं की त्यावरचा नंबर ऑनलाइन टाकून बघा.