गरोदरपणात जांघेत, ओटीपोटाखाली दुखतंय? दवाखान्यात जाताना या चुका टाळा

‘कंबर दुखते’ हे दोन शब्द ऐकून ऐकून माझे कान किटले आहेत. मी बेळगावात फिजिओथेरपी करते. खानापूर, निपाणी, हुक्केरीकडच्या गरोदर बायका येतात आणि बहुतेक जणी हीच तक्रार सांगतात. दुखत असतं भलतीकडंच.

पोटाखाली पुढं दोन हाडं जुळतात तिथं, नाहीतर मागं माकडहाडाच्या वर दोन्ही बाजूंना. दिवस गेल्यावर हे सांधे सैल होतात, वजन वाढतं, चालायची ढब बदलते. पाचातल्या एखादीला तरी हा त्रास होतो. बाळाला त्यानं काही होत नाही, पण कूस बदलताना बाईला ब्रह्मांड आठवतं.

जांबोटीकडची एक पोरगी आली होती, सातवा महिना, सोबत सासू, म्हणजे तिच्या आत्ती. त्याआधी एका दवाखान्यात तीन खेपा झालेल्या. तिथले डॉक्टर कन्नड, हिला मराठीच येतं, म्हणून दर वेळी आत्तींनीच सांगितलं. काय सांगितलं? ‘सोंट नोवू’, म्हणजे कंबरदुखी. झालं, तीनही वेळा कॅल्शियमच्या गोळ्या आणि ‘विश्रांती घ्या’. मी आत्तींना म्हटलं, तुम्ही जरा बाहेर बसा. मग तिला म्हटलं, तू बोलू नको गे, बोट ठेव. तिनं लाजत लाजत पुढच्या हाडावर बोट ठेवलं. परकर घालताना एका पायावर उभं राहता येत नव्हतं. बसच्या पायरीवर पाय उचलत नव्हता. (कर्नाटकच्या शक्ती योजनेमुळं २०२३ पासून सरकारी बसमध्ये बायकांना तिकीट नाही, पायरी मात्र होती तेवढीच उंच आहे.) यातलं एक अक्षर डॉक्टरांपर्यंत पोचलं नव्हतं. तपासायला हात लावला असता तर कळलं असतं, हे खरंच. पण गर्दीच्या ओपीडीत जे कानावर पडतं त्यावरच चिठ्ठी लिहिली जाते.

म्हणून माझा हट्ट एवढाच: दुखतं तिथं बोट ठेवा. बोटाला कन्नड यावं लागत नाही. आणि ‘दुखतं’ म्हणून थांबू नका, कोणतं काम करताना दुखतं ते सांगा. कूस बदलताना, जिना चढताना, स्कूटरवरून उतरताना. फिजिओथेरपीची चिठ्ठी आपणहून मागा. लाज वाटत असेल तर आधी आशाताईंशी बोला. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची मोफत तपासणी असते, तो दिवस चुकवू नका.

दुसरी डोकेदुखी मेडिकलमधल्या गोळीची. ‘पॅरासिटामॉलच आहे, मॅडम’ म्हणून एकीनं पाकीट दाखवलं. पॅरासिटामॉल होतंच, पण त्याच्या शेजारी बारीक अक्षरात अॅसिक्लोफिनॅकही होतं! डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन, अॅसिक्लोफिनॅक ही सगळी दुखण्यावरची औषधं एकाच घरातली. विसाव्या आठवड्यानंतर त्यांचा बाळाच्या मूत्रपिंडावर परिणाम होऊन गर्भजल कमी होऊ शकतं. नुसतं पॅरासिटामॉलसुद्धा डॉक्टरांना विचारूनच. ‘एका गोळीनं काय होतंय’ म्हणणाऱ्यांशी मी आता वाद घालत नाही, पाकीट काढून घेते.

आधाराचा पट्टा पोटावर आवळू नका. तो पोटाखाली, खुब्यांवर बसतो, तोही चालण्याफिरण्यापुरता. जावेचा बाळंतपणानंतरचा पट्टा इथं कामाचा नाही.

मोबाईलवर बघून मांड्या फाकवायचे व्यायाम तर अजिबात नकोत. दोन दिवसांत फरक पाहिजे म्हणून बायका तेच करतात आणि तिसऱ्या दिवशी लंगडत येतात.

नुसतं झोपून राहणंही नको. मी सांगते ते साधं आहे: गुडघ्यांत उशी घेऊन कुशीवर झोपा, गुडघे जुळवून कूस बदला, परकर बसून घाला, जिना एकेक पायरीनं चढा. कळशी आणि थोरलं पोर एकाच बाजूच्या कडेवर घेणं बंद. भाताची लावण यंदा दुसऱ्या कुणी करावी. यातलं काहीच चमत्काराचं नाही, म्हणून कुणाला पटत नाही!

उलटी चूकही होते. सगळंच सांध्याचं दुखणं समजून घरी बसतात. रक्त किंवा पाणी जात असेल, ३७ आठवड्यांच्या आत पोट थांबून थांबून कडक होत असेल, ताप किंवा लघवीला जळजळ असेल, बाळाची हालचाल कमी वाटत असेल तर माझ्याकडं येऊ नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा. रात्र असेल तर १०८.

आणि या दुखण्यापायी ‘सिझरच करा’ म्हणून अडून बसू नका; बहुतेकींचं नेहमीसारखं बाळंतपण होतं. नवव्या महिन्यात मी शिंप्याची टेप घेते, न दुखता गुडघे किती लांब जातात ते मोजते आणि तो आकडा तायी कार्डाच्या (गरोदरपणाच्या सरकारी तपासणी कार्डाच्या) आत कागदावर लिहून ठेवायला लावते. कळा सुरू झाल्यावर पाय त्यापलीकडं ताणू नका, हे सिस्टरना आधीच सांगायचं. जांबोटीच्या पोरीच्या वेळी तो कागद आत्तींनीच पुढं केला, आणि सांगितलंही त्यांनीच, कन्नडमध्ये.