ऑक्टेन बूस्टर, ई८५ आणि बाकीचे जुगाड : ट्रॅक डेला या चुका टाळा

ट्रॅक डेला, म्हणजे आपली गाडी रेस ट्रॅकवर पळवायच्या दिवशी, येणाऱ्यांनो, ऑक्टेन म्हणजे ताकद, हे आधी डोक्यातून काढून टाका. ऑक्टेन म्हणजे दाब आणि उष्णता वाढल्यावर पेट्रोल स्पार्कची ज्योत पोचायची वाट न बघता आपणहून पेटायला किती विरोध करतं त्याचं माप, बस. त्यात जास्तीची ऊर्जा वगैरे काही नसते. ज्या गाडीचं कॉम्प्रेशन साधं, टायमिंग (ठिणगी कधी पडते ते) साधं, जिला ९५ ऑक्टेन पुरतं तिच्यात १०२ ओतलं तरी ती पळते तेवढीच पळते, खिसा तेवढा हलका होतो. फायदा कुठे होतो तर जिथे इंजिन नॉकमुळे (मिश्रण असं आपणहून पेटून होणारी ठकठक) अडलंय, म्हणजे ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) टायमिंग मागे ओढतोय किंवा ट्यूनरला (ईसीयूचं सेटिंग, म्हणजे ट्यून, बदलणाऱ्याला) अजून बूस्ट (टर्बोचा हवेचा दाब) द्यायचाय पण नॉक सेन्सर ऐकत नाहीये. आणि हे लॉग, म्हणजे पळताना ईसीयूने नोंदवलेले आकडे, बघितल्याशिवाय कळत नाही. पण नवीन पोरांचं कसं असतं, ऑक्टेन बूस्टरची बाटली आधी घेऊन झालेली असते आणि लॉगचं विचारलं की "ते नंतर बघू".

बाटलीवरचे पॉइंट

माझी सगळ्यात नावडती चूक ही. बाटलीवर मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं "३० पॉइंटपर्यंत वाढ". वाचणाऱ्याला वाटतं ९५ चं झालं १२५. अहो, एक पॉइंट म्हणजे ऑक्टेनचा ०.१. तीस पॉइंट म्हणजे तीन नंबर, ९५ चं फार तर ९८. ते पण "पर्यंत", म्हणजे ज्या पेट्रोलवर त्यांचा आकडा सगळ्यात छान आला त्यावर, आणि बाटलीवर लिहिलेल्या लिटरपेक्षा टाकी मोठी असेल तर त्याहून कमी.

एका ट्रॅक डेला एक जण टर्बो हॅचबॅक घेऊन आला होता, ट्यून ९८ वर केलेला, पण टाकीत भरलेलं ९५. म्हणून त्याने बूस्टर घेतला, आणि एकाने थोडं होतं तर तिनाने भरपूर होईल या हिशोबाने तीन बाटल्या एकाच टाकीत. पहिलं सेशन मस्त गेलं. दुसऱ्या सेशनला ५००० आरपीएमच्या वर बूस्ट आला की गाडी फडफडायला लागली. झालं, सगळा पॅडॉक (ट्रॅकशेजारी गाड्या उभ्या करायची जागा) डॉक्टर. कोणी म्हणालं कॉइल (प्लगला वीज देणारी), म्हणून कॉइल या सिलेंडरवरून त्या सिलेंडरवर, मिसफायर (मिश्रण नीट न पेटणं) काही सोबत सरकेना. मग दुसऱ्याच्या गाडीच्या कॉइल लावून बघितल्या, तेच. मग बूस्ट लीक शोधत पाइप खोलले. तासभर हे चाललं, आणि प्लग कोणी काढले नाहीत कारण "प्लग परवाच नवे टाकलेत". शेवटी मीच म्हटलं काढा एक. काढला तर टोकाकडचं पांढरं पोर्सिलेन पूर्ण तांबडं, गेरू फासल्यासारखं. चारही प्लग तसेच.

बऱ्याच बाटल्यांमध्ये काम करणारा मसाला असतो तो एमएमटी, म्हणजे मँगनीज, किंवा फेरोसीन, म्हणजे लोखंड. जळल्यावर हा धातू जातो कुठे? ऑक्साइड होऊन प्लगवर बसतो, ऑक्सिजन सेन्सरवर बसतो, कॅटच्या (धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या) जाळीच्या तोंडावर बसतो. प्लगवरचा थर तापला की ठिणगी गॅप ओलांडायच्या ऐवजी त्या थरावरून सरकून पळवाट काढते, आणि जेवढा बूस्ट जास्त तेवढी गॅप ओलांडणं अवघड, म्हणून मिसफायर नेमका वरच्या आरपीएमला. प्लग बदलले, फडफड गेली. पण लॉग काढला तर टायमिंग अजूनही मागेच ओढलं जात होतं, कारण या धातूवाल्या बूस्टरमध्ये पहिल्या डोसाला जो फरक पडतो तो दुसऱ्याला पडत नाही आणि तिसऱ्याला तर निव्वळ कचरा वाढतो. वर कहर म्हणजे त्याच्या ट्यूनमध्ये ९५ साठी वेगळा मॅप (सेटिंगचा दुसरा संच) होता, क्रूझच्या बटणाने बदलता येणारा. ट्यूनरने लिहूनसुद्धा दिलं होतं.

मी काय करतो सांगतो. बाटलीच्या मागे आत काय आहे ते लिहिलेलं नसेल तर ती घेत नाही. लिहिलेलं असेल आणि त्यात धातू असेल तर कॅट असलेल्या गाडीत टाकत नाही. दोन-तीन नंबर वाढवायचेच असतील तर बिनशिशाचं रेस पेट्रोल मिसळतो, २० लिटर ९५ मध्ये २० लिटर १०२ टाकलं की साधारण ९८.५ मिळतं, साधा सरासरीचा हिशोब, प्लग तांबडे होत नाहीत. आणि बूस्टर टाकायचाच तर आधी बूस्टर, मग त्यावर पेट्रोल, म्हणजे नीट मिसळतं. भरलेल्या टाकीवर वरून ओतून लगेच ट्रॅकवर जाणाऱ्यांना काय बोलणार.

कुठला ९३? कुठला ९८?

छोटी गोष्ट आहे पण यात इंजिनं गेलीत. ऑक्टेन मोजायच्या चाचण्या दोन, आरओएन (रिसर्च) आणि एमओएन (मोटर). काही ठिकाणी पंपावर आरओएन लिहितात, काही ठिकाणी आरओएन आणि एमओएनची सरासरी. सरासरीवाला ९३ म्हणजे आरओएनवाला साधारण ९८. इंटरनेटवरून "९३ चा ट्यून" उचलायचा आणि आपल्याकडे ९५ मिळतं म्हणजे वरच आहोत असं समजून जोरात पळवायचं, हे मी बघितलंय.

आणि रेस फ्युएल घेताना एमओएन पण बघा. दोन्ही चाचण्या एकाच प्रकारच्या एक-सिलेंडर सीएफआर (चाचणीसाठीच बनवलेल्या) इंजिनवर होतात, आरओएनची ६०० आरपीएमला, एमओएनची ९०० ला आणि तीही मिश्रण १४९ अंशांपर्यंत तापवून. म्हणजे एमओएनची परीक्षा जास्त कडक. टर्बो आणि चांगला इंटरकूलर (टर्बोची तापलेली हवा थंड करणारा) असेल तर आरओएन जास्त कामाचा, पण तापलेल्या इनटेकवर वरच्या आरपीएमला सतत पळणाऱ्या जुन्या धाटणीच्या इंजिनाला एमओएन सांभाळतो. डब्यावर फक्त एकच भलामोठा आकडा असेल तर तो कशाचा आहे ते विचारून घ्या.

ई८५ : ट्यून बदलला, बाकी सगळं तेच

ई८५, म्हणजे बहुतांश इथेनॉल आणि बाकी पेट्रोल, मला स्वतःला आवडतं. इथेनॉलचा आरओएन १०८ च्या आसपास, आणि वाफ होताना ते किलोमागे पेट्रोलच्या दुपटीहून जास्त उष्णता ओढून घेतं, त्यामुळे टर्बो गाडीला ते फार मानवतं. पण लोकांना वाटतं ईसीयूत ट्यूनची फाइल फ्लॅश केली की झालं. झालं नाही. पेट्रोलचं स्टॉइक (एक किलो इंधन पूर्ण जळायला लागणारी किलोभर हवा) १४.७, ई८५ चं ९.८ च्या आसपास, म्हणजे तेवढ्याच हवेला वजनाने दीडपट, लिटरमध्ये साधारण चाळीस टक्के जास्त इंधन लागतं. पेट्रोलवर इंजेक्टर ७५ टक्के ड्युटीला (म्हणजे ७५ टक्के वेळ उघडे) असतील तर ई८५ वर ते शंभराला टेकले, पुढे त्यांच्याकडे द्यायला काही उरलं नाही. पंपाचंही तेच.

एक जुनी गाडी होती, चालवणारा चांगला, काम पण बऱ्यापैकी केलेलं, मोठे इंजेक्टर, मोठा पंप. फिल्टर मात्र जुना आणि टाकी वर्षानुवर्षं पेट्रोल पिऊन आतून वार्निश चढलेली. इथेनॉल हा थर सोडवतो, आणि सुटलेला सगळा गाळ जातो फिल्टरमध्ये. सकाळी गाडी बरी होती, दुपारी लांब सरळीवर शेवटच्या टप्प्यात ओढ कमी व्हायला लागली. पिटमध्ये आला, बोनेट उघडून आयडलला प्रेशर बघितलं, गेजवर प्रेशर बरोबर. "बघ, पंप ठणठणीत आहे" म्हणून परत गेला. अरे बाबा, आयडलला इंजिन पितं किती? चोंदलेल्या फिल्टरमधून तेवढं आरामात जातं. पूर्ण थ्रॉटलला मागणी कितीतरी पट होते तेव्हा प्रेशर पडतं, आणि ते तुला पिटमध्ये उभं राहून दिसणार नाही. पुढच्या सेशनला तिसऱ्या सिलेंडरचा पिस्टन एक्झॉस्टच्या बाजूने वितळला. आणि तो शेवटपर्यंत म्हणत होता, इथेनॉल तर थंड जळतं ना. थंड जळतं, पण पोचलं पाहिजे ना सिलेंडरपर्यंत.

म्हणून जुन्या गाडीला ई८५ वर नेलं की पहिल्या दोन-तीन टाक्या रस्त्यावर शांतपणे संपवायच्या, फिल्टर बदलायचा, मग परत एकदा बदलायचा, आणि त्यानंतर ट्रॅक. फ्युएल प्रेशर सेन्सर लावून लॉग करायचं, प्रेशर पडलं की ईसीयूने बूस्ट कापावा असं सेट करायचं. जुने रबरी पाइप बदलायचे. वरून स्टीलची जाळी आहे म्हणून आतला रबर इथेनॉलला चालतोच असं नाही, आतून पीटीएफई (टेफ्लॉन) असलेला पाइप घ्या. यात पैसे जातात हे मला मान्य आहे, पण पिस्टनला पण जातात.

दुसरं, ई८५ मध्ये ८५ असतंच असं धरून चालू नका. स्पेसिफिकेशनमध्येच इथेनॉल ५१ ते ८३ टक्के चालतं, थंडीत कमी ठेवतात कारण नाहीतर गाडी चालू होत नाही. फ्लेक्स फ्युएल सेन्सर (इथेनॉलचं प्रमाण मोजणारा) असेल तर प्रश्नच नाही. नसेल तर आकडे लिहिलेली काचेची नळी घ्या, ५० मिलीपर्यंत पाणी, वर १०० पर्यंत इंधन, बूच लावून हलवा आणि थांबा. इथेनॉल पाण्यात उतरतं, खालचा थर वर सरकतो. खालचा थर ८५ वर आला म्हणजे ५० पैकी ३५ इथेनॉल, ७० टक्के, एखाद-दोन टक्के इकडेतिकडे. याला दोन मिनिटं लागतात आणि लोकं एवढी पण थांबत नाहीत.

ई३० चं, म्हणजे ३० टक्के इथेनॉलचं, मिश्रण करणाऱ्यांनी तर हे केलंच पाहिजे. ५० लिटरच्या टाकीत ई१० बरोबर ई३० करायचं तर ई८५ लागतं १३.३ लिटर. पण ते खरं ७० टक्केवालं निघालं तर तुमचं झालं ई२६. आणि टाकीत आधीपासून उरलेलं किती आणि कसलं, ते हिशोबात धरायचं असतं, हे सांगावं लागतं याचंच मला आश्चर्य वाटतं.

तिसरं, वाइडबँडचा (एक्झॉस्टवरून हवा-इंधनाचं प्रमाण दाखवणाऱ्या मीटरचा) गोंधळ. मीटर खरं तर लॅम्डा (प्रत्यक्ष प्रमाण भागिले स्टॉइक) मोजतो आणि १४.७ ने गुणून दाखवतो. ई८५ वर मीटर ११.८ दाखवतोय म्हणजे लॅम्डा ०.८०, व्यवस्थित. एकाला वाटलं ई८५ चं स्टॉइक ९.८ आहे म्हणजे ११.८ लीन (इंधन कमी) झालं, म्हणून मीटर ९.८ दाखवेपर्यंत इंधन वाढवत गेला. तो लॅम्डा ०.६७ झाला. सिलेंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन निघालं आणि संपमध्ये (इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्यात) ऑइलची पातळी वर आली. मीटर लॅम्डावर ठेवा, कुठलंही इंधन असो, डोकं शांत राहतं.

बाकीचे शहाणपण

टोल्युइन, पेट्रोलमध्ये मिसळायचं एक सॉल्व्हंट. यावर हमखास फॉर्म्युला वनचा दाखला येतो. दाखला खरा आहे, १९८८ च्या होंडाच्या टर्बो व्ही६ ला ८४ टक्के टोल्युइन आणि १६ टक्के हेप्टेनचं १०२ आरओएन इंधन होतं. पण टोल्युइन १११ अंशांना उकळतं, नीट वाफ होत नाही, म्हणून ते लोक इंधन गरम करून देत होते. तुमच्या गाडीत ती सोय आहे का? आणि रंगाचा थिनर म्हणजे टोल्युइन नव्हे, त्यात अ‍ॅसिटोनपासून काय काय असतं ते रबराला विचारा.

विमानाचं पेट्रोल, १००एलएल. एमओएन ९९.६ च्या वर, आकडा सुंदर, पण लिटरमागे ०.५६ ग्रॅमपर्यंत शिसं. ऑक्सिजन सेन्सर आणि कॅट दोन्हीचा निकाल.

डांबराच्या गोळ्या. नाही.

मिथेनॉल हा वेगळा खेळ आहे, स्टॉइक ६.४, अ‍ॅल्युमिनियम खातं, गरम प्लगवर प्री-इग्निशन (स्पार्कच्या आधीच पेटणं) लवकर करतं, आणि उन्हात त्याची ज्योत दिसत नाही. १९८१ च्या इंडियानापोलिस ५०० मध्ये रिक मिअर्स पिटमध्ये असाच भाजला. पॅडॉकमध्ये मिथेनॉल आणायचं तर आयोजकांना विचारून आणा आणि शेजारच्याला सांगून ठेवा. नायट्रोमिथेनवर प्रश्न विचारणाऱ्याला मी उत्तर देत नाही.

सीएनजीचा ऑक्टेन भारी असला तरी तो वायू सिलेंडरमधली हवेची जागा खातो, म्हणून टर्बो नसेल तर ताकद कमी होते. ऑक्टेनकडे बघून भुलू नका.

नॉक इंधनामुळेच आहे का?

खरं तर बाटली शोधत येणाऱ्यांपैकी निम्म्यांना बाटली नको असते. पहिले दोन लॅप टायमिंग छान आणि तिसऱ्यापासून मागे जातंय, तर पेट्रोल तेच आहे की, बदललंय ते इनटेक टेम्परेचर. इंटरकूलर तापून बसलाय. एक लॅप हळू मारा, परत टायमिंग आलं तर उत्तर मिळालं. इनटेक पाइपमध्ये बोट फिरवा, तेलकट निघालं तर ब्रीदरमधून (इंजिनातली वाफ बाहेर नेणाऱ्या नळीतून) ऑइलची वाफ आत जातीये आणि ती ऑक्टेन खाली खेचते, कॅच कॅन (ते ऑइल अडवणारा डबा) लावा. जुन्या इंजिनात पिस्टनवर कार्बन बसला की कॉम्प्रेशन वाढतं आणि तो कार्बन लाल होऊन स्पार्कच्या आधीच मिश्रण पेटवतो. चुकीच्या हीट रेंजचा गरम प्लग पण तेच करतो. हे प्री-इग्निशन, आणि त्यावर ऑक्टेन वाढवून काही होत नाही, तिथे कार्बन साफ करावा लागतो किंवा थंड प्लग लागतो.

उरलेल्या इंधनाचं काय

अर्धा भरलेला डबा पुढच्या ट्रॅक डेपर्यंत ठेवला की त्यातला हलका भाग उडून जातो आणि इथेनॉल असेल तर ते हवेतली ओल ओढतं. ई१० मध्ये साधारण अर्धा टक्का पाणी गेलं की इथेनॉल पाण्यासकट खाली बसतं आणि वर उरलेल्या पेट्रोलचा ऑक्टेन पडतो, मग "तेच पेट्रोल, तरी नॉक कसा" म्हणून फोन येतो. डबा धातूचा किंवा इंधनासाठीच बनवलेला, काठोकाठ नाही पण बऱ्यापैकी भरलेला, झाकण घट्ट, आणि भरताना जमिनीवर ठेवून भरायचा, गाडीच्या डिकीत ठेवून नाही, स्टॅटिकची ठिणगी पडते. पाण्याच्या बाटलीत बूस्टर किंवा मिथेनॉल आणणाऱ्यांना मी माझ्या गाडीपाशी उभं करत नाही. मिथेनॉलवर चालवली असेल तर त्याच दिवशी साध्या पेट्रोलवर थोडी चालवून लाइन धुऊन घ्या. आणि प्रत्येक डब्यावर मार्करने आत काय आहे, किती टक्के आहे आणि कधी भरलं ते लिहा, झाकणावर नाही, डब्यावर, झाकणं बदलतात.