सर्व्हरवर धडका मारणाऱ्या आयपीची तक्रार कशी करावी (आणि ती कुणीतरी वाचेल अशी कशी लिहावी)

इंटरनेटला जोडलेल्या कुठल्याही सर्व्हरचा लॉग, म्हणजे त्याची नोंदवही, उघडा. 'रूट', 'अ‍ॅडमिन', 'टेस्ट' अशी नावं लावून रात्रभर कुणीतरी आत शिरायचा प्रयत्न केलेला दिसेल. वागळे इस्टेटमधल्या कारखान्याचा हिशेबाचा सर्व्हर असो की महापेच्या डेटा सेंटरमध्ये भाड्याने घेतलेलं मशीन, सगळीकडे हेच चित्र. इंटरनेटवरचे आकडी पत्ते म्हणजे आयपी; त्यांतले आयपीव्ही४ या प्रकारचे एकूण सुमारे ४२९ कोटी, आणि ते सगळे चाचपत फिरणारी यंत्रं अहोरात्र चालू असतात. त्यात तुमचाही पत्ता येतो, एवढंच. त्यामुळे "आपल्या वाईटावर कोण टपलंय?" हा प्रश्न आधी डोक्यातून काढा.

धडका मारणारं मशीनही बहुतेक वेळा बळकावलेलंच असतं. पासवर्ड न बदललेला राउटर, सोसायटीच्या वॉचमनच्या केबिनमधला सीसीटीव्हीचा डीव्हीआर, कुणीतरी चालू करून विसरलेला क्लाउड सर्व्हर. २०१६ साली मिराई नावाच्या घातक प्रोग्रामने अशाच कॅमेऱ्यांची आणि राउटरांची फौज जमवली, तीही कंपनीतून आलेले मूळ पासवर्ड वापरून. अशा मशीनच्या मालकापर्यंत निरोप पोचावा आणि त्याने ते बंद किंवा साफ करावं, यासाठी तक्रार करायची. सूड वगैरे घ्यायचा असेल तर हा लेख सोडून द्या. समोरच्याच्या मशीनमध्ये उलट घुसणं हाही आपल्याकडे माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ खाली गुन्हा आहे; तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

फायरवॉल, पासवर्डऐवजी डिजिटल किल्ली (की) वापरून लॉगिन, वेळच्या वेळी अपडेट, हे सगळं तुम्ही केलेलं आहे असं धरून चालतो.

१. आधी आत कुणी शिरलं नाही ना, ते बघा

सगळे 'फेल्ड पासवर्ड'च्या ओळी मोजत बसतात. तुम्ही आधी 'अ‍ॅक्सेप्टेड'च्या ओळी बघा. त्यात अनोळखी पत्ता दिसला तर तक्रार बाजूला ठेवा आणि मशीन नेटवर्कपासून तोडा. ते वेगळं आणि मोठं काम आहे.

२. लॉग काढा, पत्ते मोजा

उबुंटूवर व्हार-लॉगमधली ऑथ डॉट लॉग, रेड हॅटच्या घराण्यात सिक्युअर नावाची फाइल. डेबियन १२ वर ऑथ डॉट लॉग सापडली नाही तर घाबरू नका, ती फाइल लिहिणारा आर-सिसलॉग तिथे आपोआप येत नाही; जर्नलसीटीएल या आज्ञेला विचारा. विंडोजवर इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ४६२५ क्रमांकाच्या (अपयशी लॉगिनच्या) नोंदी. ग्रेप, सॉर्ट, युनिक या आज्ञा लावून पत्त्यांची उतरती यादी करा. झालं.

३. यादीतून कुणाला वगळायचं

इंटरनेट चाचपून माहिती जमवणाऱ्या शोडान, सेन्सिस, शॅडोसर्व्हर यांची स्कॅनर-मशीनं तुमचे पोर्ट (सर्व्हरची क्रमांक दिलेली दारं) चाचपून जातात, पण पासवर्ड लावून बघत नाहीत. त्यांची तक्रार करून कुणाचं भलं होत नाही. यूडीपीच्या माऱ्यात किंवा सिन-फ्लडमध्ये (जोडणी पूर्ण न करता नुसती पाकिटं ओतण्याचे प्रकार) दिसणारे पत्तेही सोडा. तिथे पाठवणाऱ्याचा पत्ता खोटा घालता येतो, आणि तुम्ही तक्रार करता ती भलत्याच बिचाऱ्याची. एसएसएचवर (दुरून सर्व्हरमध्ये लॉगिन करायची पद्धत) पासवर्डचा प्रयत्न झाला म्हणजे टीसीपीची जोडणी दोन्ही बाजूंनी पूर्ण झाली होती. तिथे पत्ता खराच असतो.

वेबसाइट क्लाउडफ्लेअरसारख्या, मधे उभं राहून विनंत्या पुढे पाठवणाऱ्या सेवेमागे असेल तर लॉगमध्ये त्या सेवेचेच पत्ते दिसतात. खरा पत्ता विनंतीसोबत येणाऱ्या हेडरमधून लॉगमध्ये घ्या, आणि तोही विनंती खरोखर त्या सेवेकडून आलेली असेल तेव्हाच. एरवी हेडर कुणीही मनाला येईल तसा भरतो.

४. तक्रार कुणाकडे, आणि कुठल्या वेळेची

इथे बहुतेक जण गळतात. मीही बराच काळ इथेच अडकलो होतो: तक्रारी जायच्या, उत्तर यायचं नाही. म्हणून हे नीट वाचा.

पहिली गोष्ट, नकाशा विसरा. पत्ता टाकला की जगाच्या नकाशावर टाचणी दाखवणाऱ्या साइट असतात. वागळे इस्टेटमधल्या एका मॅनेजरसाहेबांनी मला मोठ्या उत्साहाने अशी टाचणी दाखवली होती. "इथलाच आहे हो, पोलिसांना घेऊन जाऊ." टाचणी ठाण्याच्या खाडीत रुतलेली होती. त्या साइटकडे फार तर शहराचा अंदाज असतो, कधी कधी नुसता कंपनीच्या नोंदणीकृत कार्यालयाचा पत्ता. "चीन आणि रशिया ब्लॉक करा" हा सल्लाही याच पठडीतला. मारा ॲमस्टरडॅममध्ये भाड्याने घेतलेल्या सर्व्हरवरून होतो, नाहीतर ऐरोलीतल्या एखाद्या घरच्या राउटरवरून.

तुम्हाला हवा तो पत्त्यांच्या पट्ट्याचा, म्हणजे सलग पत्त्यांच्या गटाचा, जबाबदार. त्यासाठी व्हूइज, म्हणजे पत्ता कुणाच्या नावावर आहे ते सांगणारी सार्वजनिक नोंद. जगात पत्ते वाटणाऱ्या पाच संस्था आहेत: एपनिक, राइप, एरिन, लॅकनिक, आफ्रिनिक. आपण एपनिकच्या हद्दीत येतो, आणि भारतातली नोंदणी निक्सीच्या (नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडिया) अखत्यारीतली इरिन सांभाळते. व्हूइजच्या उत्तरात एकात एक बसलेले दोन-तीन पट्टे दिसतात. नेहमी सर्वांत लहान पट्टा धरा. मोठा पट्टा घाऊक विक्रेत्याचा असतो. लहान पट्ट्यावर ज्याचं नाव, त्याच्याकडे गिऱ्हाइकाची यादी असते. देशाच्या रकान्याकडे बघूच नका, मशीन त्या देशात असेलच असं नाही.

मग 'अ‍ॅब्युज'ने सुरू होणारा ईमेल शोधा. एपनिककडे तो आयआरटी नावाच्या नोंदीत असतो. तांत्रिक संपर्क, प्रशासकीय संपर्क अशा दिसेल त्या सगळ्यांना एकदम पत्र पाठवणारे लोक मला माहीत आहेत. त्याने एवढंच होतं की प्रत्येकाला वाटतं दुसरा बघेल. शेऱ्याच्या ओळीही वाचा. मोठ्या क्लाउड कंपन्या तिथेच सांगतात की ईमेल नको, आमचा फॉर्म भरा. तो मुकाट भरा. ईमेलला तिथे स्वयंचलित पोच मिळते आणि पुढे काही होत नाही. पत्र परत आलं तर त्या पत्त्याचा एएस क्रमांक (तो पत्ता ज्या नेटवर्कात आहे त्याचा क्रमांक) काढा आणि त्या एएसच्या नोंदीतला संपर्क वापरा. एपनिकच्या हद्दीतला अ‍ॅब्युज-पत्ता बंद निघाला तर तसं एपनिकलाही कळवता येतं, ते मागे लागतात.

आता वेळ. चांगल्या चांगल्या तक्रारी इथे फुकट जातात. जुन्या पद्धतीच्या सिसलॉगमध्ये '१४ जून ०२:१३:०७' एवढंच असतं. ना वर्ष, ना टाइम झोन. महापेतलं मशीन भारतीय वेळेवर, क्लाउडवरचं यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळ), आणि दोन्हींच्या ओळी एकाच पत्रात. वाचणाऱ्याने काय समजायचं? भारतीय वेळेनुसार १४ जूनच्या पहाटेचे ०२:१३:०७ म्हणजे यूटीसीत १३ जूनचे २०:४३:०७. तारीखच बदलली! घरगुती इंटरनेटचा पत्ता तासातासाने दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे जाऊ शकतो. साडेपाच तासांची चूक म्हणजे थेट दुसऱ्याच घराचं कनेक्शन बंद. आणि नुसतं 'आयएसटी' लिहून भागत नाही. आयर्लंड आणि इस्रायलही आपापल्या वेळेला हीच तीन अक्षरं लावतात. सगळं यूटीसीत लिहा, नाहीतर प्रत्येक वेळेपुढे +०५:३० लावा. त्याआधी टाइमडेटसीटीएल चालवून घड्याळ बरोबर आहे ना ते बघा; दोन मिनिटं पुढे पळणाऱ्या घड्याळाचा लॉग पुरावा म्हणून कवडीमोल.

तिसरी गोष्ट सोर्स पोर्ट, म्हणजे पाठवणाऱ्याच्या बाजूचा पोर्ट क्रमांक. लॉगमधली ओळ साधारण अशी असते: 'फेल्ड पासवर्ड फॉर इनव्हॅलिड यूजर अ‍ॅडमिन फ्रॉम २०३.०.११३.४५ पोर्ट ५१२३४'. (हा पत्ता उदाहरणांसाठी राखून ठेवलेल्या पट्ट्यातला आहे, कुणाचाही नाही.) ते ५१२३४ तुमचं पोर्ट नव्हे, हल्लेखोराच्या बाजूचं आहे. "माझ्या ५१२३४ पोर्टवर हल्ला झाला" असं लिहिलेली पत्रं मी पाहिली आहेत. तुमचं पोर्ट २२, ते वेगळं लिहा. पण ५१२३४ गाळू मात्र नका. आपल्याकडे मोबाइलची नेटवर्कं आणि कितीतरी केबलवाले सीजीनॅट वापरतात, म्हणजे एका आयपीमागे एकाच वेळी शेकडो गिऱ्हाइकं. चाळीला एकच पत्रपेटी असावी आणि पाकिटावर खोली क्रमांकच नसावा, तसं होतं. तो खोली क्रमांक म्हणजे सोर्स पोर्ट. आयपी, सोर्स पोर्ट आणि सेकंदापर्यंतची वेळ, ही तिन्ही असतील तरच कंपनी नेमक्या कनेक्शनपर्यंत पोचते. इंटरनेटच्या शिफारशींच्या आरएफसी ६३०२ या २०११ च्या दस्तऐवजात सर्व्हरवाल्यांना सोर्स पोर्ट नोंदवायला सांगितलंय, तरी एनजिनएक्स या वेब सर्व्हरच्या नेहमीच्या अ‍ॅक्सेस लॉगमध्ये ते नसतं. लॉगच्या साच्यात रिमोट-पोर्ट स्वतः घाला, आजच घाला. मागच्या नोंदींत ते नंतर उगवत नाही.

५. पत्र

विषयात आयपी आणि प्रकार: 'एसएसएच पासवर्ड हल्ला, २०३.०.११३.४५'. मजकूर इंग्रजीत, चार ओळी: काय झालं, कधीपासून कधीपर्यंत, तुमच्या कुठल्या आयपीच्या कुठल्या पोर्टवर, वेळ कुठल्या झोनची. खाली लॉगच्या पाच-दहा ओळी साध्या मजकुरात. स्क्रीनशॉट नको, झिप नको, कायद्याच्या धमक्या तर अजिबात नकोत. अ‍ॅब्युज डेस्कवरचा माणूस, किंवा त्याची स्क्रिप्ट, पत्रातून आयपी आणि वेळ उचलते. बाकीचं कुणी वाचत नाही. एका पत्रात एकच पट्टा.

लॉग चिकटवण्याआधी डोळ्यांखालून घाला. घाईत युजरनेमच्या जागी पासवर्ड टाकणारा सहकारी प्रत्येक ऑफिसात असतो, आणि एसएसएच तो पासवर्ड 'इनव्हॅलिड यूजर'पुढे जसाच्या तसा छापतं.

६. सार्वजनिक यादी

अ‍ॅब्युजआयपीडीबी या अशा तक्रारी गोळा करणाऱ्या साइटवर खातं काढा, एसएसएचसाठी १८ (पासवर्डचा मारा) आणि २२ (एसएसएच) हे प्रकार निवडा, शेरा लिहा. शेरा सगळ्या जगाला दिसतो, म्हणून तिथे सर्व्हरचं नाव नको. फेलटूबॅन या लॉग बघून पत्ते अडवणाऱ्या प्रोग्राममध्ये हे आपोआप करायची सोय आहे, पण ती लावण्याआधी इग्नोर-आयपी या वगळायच्या पत्त्यांच्या यादीत ऑफिसचा आणि डेटा सेंटरचा पत्ता घाला. फेलटूबॅन मुळात दहा मिनिटांत पाच चुका झाल्या की पत्ता अडवतं. सोमवारी सकाळी घरून काम करणारा कर्मचारी पाचदा चुकला की सीजीनॅटमागच्या त्याच्या सगळ्या शेजाऱ्यांसकट तो जगजाहीर हल्लेखोर ठरतो. अडवण्याचा आकडा पाच राहू दे. जाहीर करण्याचा बराच वर ठेवा.

७. सर्ट-इन आणि पोलिस

नुसत्या अपयशी धडकांसाठी पोलिस ठाण्यात जाऊ नका. आत शिरकाव झाला, डेटा गेला किंवा खंडणी मागितली, तर गोष्ट वेगळी. सर्ट-इन या देशाच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे कंपन्यांनी नमूद प्रकारच्या घटना कळल्यापासून सहा तासांत कळवायच्या असतात आणि १८० दिवसांचे लॉग सांभाळायचे असतात. पैसे गेले असतील तर ताबडतोब १९३० (सायबर फसवणुकीची हेल्पलाइन), मग तुमच्या हद्दीप्रमाणे ठाणे किंवा नवी मुंबई आयुक्तालयाचा सायबर विभाग. जाताना पायरी ४ मधलीच तीन माहिती घेऊन जा. तिथेही तीच विचारतात.

८. पाठपुरावा

तिकीट क्रमांक आला तर जपा. उत्तर बहुतेक वेळा येत नाही, पण मारा थांबतो. उत्तराची वाट न बघता लॉग बघा. आठवड्याने तोच पत्ता पुन्हा दिसला तर जुनंच पत्र पुन्हा पाठवू नका. ताज्या वेळेच्या, ताज्या पोर्टच्या ओळी घेऊन नवं लिहा, जुना तिकीट क्रमांक विषयात घाला. त्यालाही दाद मिळाली नाही तर व्हूइजमधल्या पुढच्या मोठ्या पट्ट्याच्या मालकाला तेच पत्र पाठवा. तोवर तो पट्टा फायरवॉलवर बंद ठेवा.